सदर वजनाबाबत

रावेर तहसीलीच्या भिंतीलगत माझं टेबल.
दाखले, वारसनोंदी, बांधावरची भांडणं.
बावीस वर्षं लोकांचं बोलणं मी
'सदर'मध्ये बसवून देतो.

सुपडू फालक आला तो मार्च संपताना.
सावद्याच्या रस्त्यावर रात्रपाळीचा काटेवाला,
केळीचे ट्रक भरलेले मोजतो, मग रिकामे मोजतो.
म्हणाला, "भो, एक अर्ज लिहायचा हाये.
आभायात काय होतं, ते सरकारले इचारायचं."
कोणत्या खात्याला?
"ज्याले माहीत असंन त्याले."

दहा रुपयांचं तिकीट चिकटवलं.
अकरा मार्च, रात्री दोन सतरा,
वजनकाट्याच्या बरोबर वर उभा राहिलेला उजेड,
आवाज नाही, साडेचार मिनिटं.
"विमान असेल."
"विमान थांबत नही."
"ड्रोन?"
"लगनातले पाह्यले म्या. ते भुनभुन करतात."
मी लिहिलं: सदर वस्तू कोणाची होती,
एवढेच कळावे, ही विनंती.

पहिलं उत्तर जिल्ह्याहून:
अर्ज कलम सहा-तीन अन्वये वर्ग करण्यात येत आहे.
दुसरं वेधशाळेचं: त्या रात्री आकाश निरभ्र.
तिसरं हवाई दलाचं, इंग्रजीत, दोन ओळी.
मी सोपं करून सांगितलं:
असं काही नव्हतं,
आणि असलं तरी सांगता येणार नाही.
"दोन्ही कसं व्हईन?" सुपडू म्हणाला.
"काटा एक तं दबतो, नही तं दबत नही."
मी हसलो. माझं पोट
या दोन्हींच्या मधल्या जागेतच भरतं.

मेमध्ये एक जीप काट्यावर चढली.
माल नाही. पावती नको म्हणाले.
आतला माणूस बाही दुमडत उतरला,
चहा घेतला, अर्धा ठेवला,
आणि विचारलं, काटा शेवटचा कधी तपासला होता?
सुपडूने तारीख सांगितली. त्याने लिहून घेतली नाही.
जाताना मात्र वर पाहिलं, एकदाच,
टोपी विसरलेला माणूस पाहतो तसं.

जुलैत शेवटचं पाकीट.
पाठवणाऱ्याच्या जागी नुसता टपालपेटीचा क्रमांक.
'ही संस्था कलम चोवीस अन्वये
माहितीच्या अधिनियमातून वगळलेली आहे.
तथापि कळविण्यात येते की
सदर दिनांकी, सदर वेळी, सदर वजनाबाबत
कोणतीही नोंद या कार्यालयात नाही.'

सवयीने एका 'सदर'वरून दुसऱ्यावर
घसरत गेलो, आणि अडखळलो.
स्थळप्रत काढली.
उजेड होता, वेळ होती, दिशासुद्धा होती.
वजनाचा शब्द नव्हता.

"सुपडूभाऊ, वजन कसलं?"
तो बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिला.
मग पिशवीतून पासबुक, पासबुकातून चिठ्ठी.
वाहन क्रमांक: काही नाही.
वेळ: दोन सतरा.
एकूण: चाळीस किलो.
"मुद्दाम नही सांगलं. तुम्ही हसले असते.
काट्यावर ट्रक नही, मानूस नही, कुत्रं नही.
केळीच्या दोन घडांचं वजन."

मी म्हणालो, अपील करू. तीस दिवस आहेत.
पहिलं वाक्य तर तयारच होतं माझं.
"कशाले?" तो म्हणाला. "उत्तर तं आलं."
पत्राची घडी त्याने
चिठ्ठीच्या मापाची घातली.

यंदा भुसावळकडे सत्तेचाळीस झालं त्या आठवड्यात
सुपडू परत आला. चिठ्ठीवरचं
सगळं उडून गेलं होतं, कागद तेवढा पिवळसर.
झेरॉक्स काढून आणली होती, तीही कोरी.
"हिच्यावर 'खरी प्रत' लिहून द्या."
मला तो अधिकार नाही, त्यालाही माहीत होतं.
मागे नावनोंदणीवाली बाई ताटकळत होती.
मी शिक्का फुंकला, दाबून मारला,
खाली सही केली,
आणि तारीख घातली.